पोट्टं गावात बोलते, पुण्यात मुकं होते

मे-जून आला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, शब्द तेवढे वेगळे. नवऱ्याला पुण्याला नोकरी लागली, लेकरं लहान आहेत, नेऊ की नको? न् पोळा-दिवाळीला तोच प्रश्न उलटा होऊन येतो, नेलं मॅडम, पण चुकलं का आमचं? या दुसऱ्या प्रश्नाची एक केस सांगते. विदर्भातल्या आर्वी तालुक्यातली आहे, ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललं आहे, पोराला बाबू म्हणू.

बाबू 7 वर्षांचा, त्याची बहीण दीड वर्षाची. बाप आयटीआय फिटर, घरी 4 एकर कोरडवाहू, कपाशी न् सोयाबीन, म्हणजे किती उरते ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. चाकणला एका कंपनीत लागला, मोशीला एक खोली-किचन घेतलं, पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यातच. जूनमध्ये सगळे गेले. आजी गावातच राहिली, बकऱ्या कोण पाहणार.

तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबूची आई न् आजी त्याला घेऊन माझ्याकडे आल्या. आई म्हणे, "मॅडम, इथं पाहा, याच्या तोंडाले टाका नाही, न् तिकडं शाळेत मुका होऊन बसते, दोन महिने झाले एक शब्द नाही." शाळेतल्या बाईंनी कान तपासून आणायला सांगितलं होतं, तेही झालं, कान चांगले. आणि हा गडी माझ्या टेबलावर लाकडाचा नंदी ठेवून मला सांगत होता की तोरणाखाली याच्या बैलाले कशी माळ घातली, कोणी किती बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, दिला, कोणाच्या बैलाचं चाक निघालं, एका दमात.

खरं सांगते, माझ्या डोक्यात लगेच नाव आलं, सिलेक्टिव्ह म्युटिझम. घरी भडभड बोलणारं लेकरू शाळेसारख्या ठिकाणी बोलूच शकत नाही, हट्ट म्हणून नाही, भीतीने त्याचा आवाजच निघत नाही, असा तो प्रकार असतो. कमीत कमी एक महिना तसं चालायला लागते न् शाळेतला पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण नव्या शाळेत पुष्कळ पोरं गप्पच असतात. इथं दोन महिने होऊन गेलेले, म्हणजे बसलंच. पण त्यात अजून एक अट आहे जी आपण घाईत विसरतो, तिथं जी भाषा चालते ती लेकराला येत नसेल किंवा ती बोलायला त्याला अवघड जात असेल, न् गप्प बसायचं कारण तेच असेल, तर हे नाव लावायचं नाही. मी म्हटलं मराठीच आहे ना बापा दोन्हीकडे, आणि पुढे गेले. इथं मी चुकले.

बाबूलाच विचारलं, तिथं कावून नाही बोलत रे? नंदीचं चाक फिरवत म्हणे, "मी बोललो का सारे हासतेत. न् आई म्हनते असं नाई बोलाचं."

आईने मान खाली घातली. मग हळूहळू निघालं सगळं. पहिल्याच आठवड्यात ती बाबूला घेऊन भाजीला गेली, भाजीवाल्याला म्हणे दादा सांबार द्या. तो हसला, म्हणे सांबार पाहिजे तर हॉटेलात जा ताई. बाजूच्या दोघी बायाही हसल्या. आता आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्याच्या मनात काही नसेलही. पण ही घरी आली न् त्या दिवसापासून खालच्या बायांशी बोलणंच टाकलं, आणि बाबूने जिन्यात "मले", "तुले", "जाऊन रायलो" म्हटलं की त्याचा दंड दाबायची. शाळेत पोरं हसली तेव्हा त्याला काय वाटलं असेल पाहा, आई तर आधीच म्हणत होती की आपलं बोलणं खराब आहे. ती रोज दुपारी दार लावून छोटीला घेऊन बसायची, नवरा शिफ्टवर. लेकरू मुकं झालं म्हणून ती माझ्याकडे आली, पण मुके दोघंही झाले होते. छोटीला काही झालं नव्हतं, त्या वयाचं पोर आईच्या कडेवर असलं की त्याला मोशी काय न् आर्वी काय.

अजून एक गोष्ट झाली होती. जाताना रडेल म्हणून बापाने बाबूला सांगितलं होतं की फिरायला चाललो, आठ दिवसांनी येऊ. म्हणून नंदी गावातच राहिला, मित्रांना काही सांगितलं नाही. मला हे फार लागते, आपण पोट्ट्याला विकत घ्यायच्या बैलाएवढंही विचारत नाही.

शाळेचंही थोडं वेगळंच. तिकडे शाळा जूनच्या मधात भरते, इकडे विदर्भात ऊन पाहून जूनच्या शेवटाकडे, आणि इथली टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मिळाली शाळा उघडल्यावर, तोवर तिकडच्या अनुदानित शाळेने त्याला बसूच दिलं नाही. म्हणजे वर्गात सगळ्यांची जोडी जमल्यावर हा गेला, शेवटच्या बाकावर. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही न् लांबवताही येत नाही. हे तोंडी सांगून भागत नाही, अर्जात लिहून द्या. आणि टीसी एप्रिलमध्येच मागा, उन्हाळ्यात हेडमास्तर सापडत नाहीत.

बापाशी फोनवर बोलले. तो म्हणे यांना वर्षभर गावात ठेवू का. माझ्याही मनात तेच होतं, खोटं का बोलू, पण आजीच म्हणाली, "आज इथं ठेवलं त उद्या तिथं जाचंच हाये, मंग अजून मोठा झालेला राहीन." म्हातारी बरोबर होती.

मग काय केलं. बाबूला कोणी "बोल ना, बोल" म्हणायचं नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच, चॉकलेटची लालूचही नाही. घरात, जिन्यात, रस्त्यावर आईने मोठ्याने वऱ्हाडीच बोलायचं, हे तिच्यासाठी जास्त होतं. रोज संध्याकाळी आजीला व्हिडीओ कॉल, त्यात बाबूने बकऱ्यांची चौकशी करायची. शाळेतल्या बाईंशी मी बोलले, भल्या होत्या. शाळा भरायच्या 10 मिनिटं आधी आईने त्याच्यासोबत रिकाम्या वर्गात बसून गप्पा मारायच्या, चार दिवसांनी बाईंनी दारात उभं राहायचं, काही न विचारता, मग आत येऊन वह्या तपासत बसायचं, मग एखादं पोरगं आत घ्यायचं. सगळं अगदी हळू. आणि नंदी सोबत न्यायचा. आईला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला, फुकट आहे न् मराठीत बोलता येते, दुपारी फार भरून आलं तर लाव म्हटलं.

दिवाळीला ते आले नाहीत, ट्रॅव्हल्सचे भाव परवडले नाहीत न् गाडीचं रिझर्व्हेशन मिळालं नाही. आईचा फोन आला. बाबू एका पोराशी बोलतो, कोपरगावच्या, तोही नवाच आहे. बाईंना मान हलवून उत्तर देतो, कधी एखादा शब्द. वर्गात उभं राहून वाचत नाही अजून. ती स्वतः भाजीला जाते, तिथं सांबारच म्हणते, भाजीवाला आता न विचारता जुडी टाकतो.

पुढचं काय ठरवलं म्हटलं तर म्हणे, "खोलीचा अकरा महिन्याचा करार हाये मॅडम, मे मध्ये संपते, तवा पाहू."