गावचं बंद घर: जाण्याआधी विकावं की नंतर

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आई-वडील दोघंही गेले, परभणी जिल्ह्यातलं घर कुलूपबंद आहे, बहीण पुण्यात, आणि तुम्ही जुलैत बायको अन् दुसरीतल्या मुलाला घेऊन जर्मनीत, बाव्हेरिया राज्यातल्या न्यूरेंबर्गला निघताय. घर निघण्याआधी उरकून टाकावं, की तिकडं बस्तान बसल्यावर सावकाश बघावं? व्हिसा, ब्लू कार्ड, बँकेचं खातं अनिवासी करून घेणं यातलं मी काही सांगत नाही. ते सगळं सरकारी पानांवर आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं वडिलांचं घर मी २०२५ मध्ये बाव्हेरियात बसून विकलं, म्हणून लिहिते आहे.

निघण्याआधी म्हणजे विमानात बसण्याआधी असं तुम्ही धरून चाललाय. आयकराचा हिशेब तसा नाही. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर १ एप्रिलपासूनच्या अख्ख्या वर्षासाठी तो अनिवासी ठरतो. जुलैत निघालात तर मे महिन्यात केलेलं खरेदीखतसुद्धा अनिवासी माणसाचंच.

त्यानं काय फरक पडतो? आमच्या घरात अर्धा हिस्सा माझा, अर्धा लातूरला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा. व्यवहार पन्नास लाखांच्या आतला, म्हणून तिच्या पैशातून टीडीएस, म्हणजे घेणाऱ्यानं आधीच कापून सरकारला भरायचा कर, कापायचा प्रश्नच नव्हता. अनिवासी माणसाला ती मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून कापतात. साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर, मिळून १३ टक्के गेले, तेही नफ्यावर नाही, माझ्या हिश्श्याच्या सगळ्या रकमेवर, कारण आयकर खात्याचा कमी कपातीचा दाखला वेळेत निघाला नाही. रिटर्न भरून जास्तीचे परत मागता येतात, पण वाट बघावी लागते. शिवाय कपात करायला घेणाऱ्यालाच टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला. तो म्हणाला, "ताई, तुझ्यापायी मला सीए धरावा लागला." घेणारा माझा चुलतभाऊच. त्याच्यावर येतेच.

म्हणजे घराच्या दृष्टीनं सरळ सल्ला असा, की ३१ मार्चच्या आत विका, नाहीतर निघणं ऑक्टोबरवर ढकला. पण बाव्हेरियातली शाळा सप्टेंबरच्या मध्यात सुरू होते, आणि तुमचा मुलगा दुसरीत आहे. घर मागे राहिलं तरी चालेल, पोरगा सप्टेंबरात वर्गात बसलाच पाहिजे असं माझं मत आहे. हवं तर त्याला आणि त्याच्या आईला आधी पाठवा.

असं का म्हणते ते ऐका. तिथं चौथीच्या शेवटी मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढतात. १ म्हणजे सगळ्यात चांगला. २.३३ पर्यंत आलं तर गिम्नासियुम, म्हणजे पुढे सरळ विद्यापीठाची वाट. २.६६ पर्यंत रिआलशुल, म्हणजे दहावीपर्यंतची, त्याखालची शाळा. आमची मुलगी तिसरीत तिथं गेली, जर्मनचं अक्षर येत नव्हतं. चौथीत गणितात १, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. बेरीज आठ. सात असती तर गिम्नासियुम मिळालं असतं. पहिलीपासून तिथं न शिकलेल्या, घरात दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना ३.३३ पर्यंत सवलत देता येते, अशी नियमात सोय आहे. शाळेनं आम्हाला ते कधी सांगितलं नाही. आमच्या कानावर आलं तेव्हा ती सहावीत होती. वर्गशिक्षिकेची निकालाआधीची भेट झाली तेव्हा मी गावी होते, वारस नोंदीच्या तारखेला. मी तिथं असते तर काय वेगळं झालं असतं, कोण जाणे. पोरगी मजेत आहे, पुढे रिआलशुलमधूनही वाटा निघतात, सगळं खरं. पण दर मे महिन्यात ओळखीच्यांच्या पोरांचे निकाल लागले की माझं डोकं सणकतं.

आता वारस नोंद. घर वडिलांचं असं आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून म्हणत आलो. मालमत्ता पत्रकावर नाव आजोबांचं. त्यांनी ते स्वतः विकत घेतलेलं, खरेदीखत फसली १३५० चं, म्हणजे निजामाच्या काळातलं, उर्दूत. ते वाचून घ्यायला एक निवृत्त मास्तर गाठले. त्यांनी गजांचे आकडे आणि चारी दिशांच्या शेजाऱ्यांची नावं वाचून दाखवली, त्यातलं एकही घर आता उभं नाही. मूळचं ते माळवदाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात भिंतींना तडे गेले, तेव्हा वडिलांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. तुमच्याकडचा जुना कागद असा असेल तर आत्ताच वाचून घ्या. वाचणारी माणसं कमी होत चाललीत.

वडील आणि काकांनी आजोबांच्या पश्चात तोंडी वाटणी केलेली, अर्धं-अर्धं, मधे सामायिक भिंत. कागदावर काहीच नाही. आम्ही नोंदीला अर्ज टाकला तशी चुलतभावानं हरकत घेतली. दोघी मुलीच, त्यातली एक परदेशात, घर काय करायचंय, हे त्याचं म्हणणं. मला त्याचा राग आला होता आणि अजून थोडा आहे. पण कायद्यानं तो अगदीच खोटा नव्हता, कारण वाटणी नोंदलेलीच नाही. आणि मग वकिलांनी विचारलं, आजोबांना मुली होत्या का?

होती की. आत्या, अंबाजोगाईला, ऐंशीच्या पुढची. आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर गेले, म्हणजे तिचाही सारखा हिस्सा, तिसरा. कुणाच्या डोक्यातच नव्हतं. हक्कसोडपत्र करायला तिला गाडीनं आणलं. बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्रावर अंगठा उमटेना, पुसून पुसून लावत होते. मधेच तिनं विचारलं, "माझं नाव होतं का गं ह्याच्यात?" मी म्हणाले, होतं. "मला कुणी सांगितलं न्हाई," एवढंच बोलली आणि अंगठा परत पुढे केला. आम्ही तिला साडी-चोळी केली. ते पुरेसं होतं असं मला वाटत नाही, आणि बहिणीशी यावर मला बोलता आलेलं नाही.

मुखत्यारपत्र निघण्याआधी गावाकडेच नोंदवून जा. माझ्याकडे कचेरीत अपोस्टिल, म्हणजे परदेशातला कागद खरा असल्याचा शिक्का, मागत बसले. भारत आणि जर्मनी यांच्यात अपोस्टिल चालत नाही, जर्मनीनं भारताच्या बाबतीत आक्षेप घेतलेला आहे. वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करायची आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा, हा रस्ता. हे पटवून देण्यात जी फोनाफोनी झाली तिचं वर्णन नको.

शेवटी वाटणीपत्र झालं आणि घर चुलतभावानंच घेतलं. बाहेरचा एक व्यापारी जास्त देत होता, पण सामायिक भिंतीचं ऐकून मागे सरला. भाव कमी आला, चालायचंच.

एकटेपणाचं विचारलंय तुम्ही. पहिला हिवाळा जड जातो, पुढे सवय होते, त्यात विशेष काही नाही. मला त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. घर बंद होतं तोवर काकूचा फोन यायचा. "पत्रा वाजायलाय गं रात्री." "तुमच्या दारात कुणी उकिरडा करायलंय." "नळपट्टी आलीया, भरू का?" मी वैतागायचे, कामाच्या वेळी फोन कापायचे. हरकतीचा वाद ऐन भरात असतानाही तिचा फोन चुकला नाही. घर त्यांचं झालं आणि फोन थांबला. भांडण नाही, राग नाही. सांगायला काही उरलं नाही. मी केला तर बोलते, "बरं हाय समदं," आणि फोन पोराकडे देते. बंद घराचा खर्च मी वर्षानुवर्षं मांडत आले, घरपट्टी, डागडुजी, राखण. हे त्या हिशेबात कुठं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून तुम्हाला विका किंवा ठेवा असं छातीठोक सांगता येत नाही.

कागद मात्र दोन्ही वाटांनी करावेच लागतील, आणि तेही जुलैआधी. मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा, नाव कुणाचं आहे ते बघा. वडिलांचं असेल तर तुम्ही आणि बहीण, काम सोपं. आजोबांचं असेल तर त्यांना मुली किती होत्या आणि त्यातल्या कोण हयात आहेत ते कळवा, मग पुढचं लिहिते.