कायोटीसाठी पहिली रायफल: .१७ एचएमआर, .२०४, .२२३ की .२२-२५०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापूर्वी कॅन्ससला आलात, ऑफिसातल्या मित्राच्या रँचवर कायोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) आणि प्रेअरी डॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) यांचा उपद्रव आहे, तो बरोबर चल म्हणतोय. दुकानात गेलात तर आकडे ऐकूनच डोकं गरगरलं. एकच रायफल घ्यायची तर कुठली?

.२२३ रेमिंग्टन, साधी बोल्ट अ‍ॅक्शन (दर बाराला हातानं खिट्टी ओढून नवं काडतूस भरायचं अशी). का ते सांगतो, पण आधी दुसरंच. तुमचा व्हिसा कुठला ते लिहिलं नाहीत. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा (कॅन्ससमध्ये १ जुलै १९५७ पासून पुढं जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे), मग परवाना काढा, मग दुकानात जा. मित्राची रायफल नुसती हातात घेऊन बघायची तरी हाच क्रम. परवान्याची मुदत संपली की सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही, पण कायोटीला इथं बारा महिने हंगाम मोकळा असला तरी शिकारीचा परवाना त्यांनाही काढावा लागतो.

आता आकडे. ही नावं ठेवणाऱ्यांनी बारशाला एकमेकांना विचारलेलं दिसत नाही. .२२३, .२२-२५० आणि .२२० स्विफ्ट या तिन्हींतून गोळी उडते ती एकाच व्यासाची, .२२४ इंच. .२२-२५० मधला २५० म्हणजे .२५० सॅव्हेज हे जुनं काडतूस. त्याचं तोंड आवळून हे बनवलं. .२०४ रुगर मात्र नावाप्रमाणे .२०४ इंचच. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. मामांच्या सराफी दुकानात लहानपणी बसलोय, त्यामुळं ते मला चटकन कळलं: इंग्रजांनी तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. .१७ एचएमआरची १७ ग्रेनची गोळी भरते एक मासा एक गुंज. .२२३ ची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी पावणेचार मासेही नाही. एवढ्याशा वजनावर कॅन्ससचा वारा काय करतो ते मी पहिल्याच हिवाळ्यात पाहिलं.

माझी पहिली रायफल .१७ एचएमआर. २००२ साली आलेलं हे रिमफायर (बुडाच्या कडेवर घोडा आपटून पेटणारं) काडतूस सेकंदाला २,५५० फूट वेगानं सुटतं, धक्का नावालाच, आवाज कमी, आणि रेंजवर मी १०० यार्डांवर (यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला) नाण्याएवढ्या वर्तुळात गोळ्या बसवत होतो. साहजिकच डोक्यात हवा गेली. जानेवारीत शेजारच्या म्हाताऱ्या रँचरबरोबर सीडरच्या झुडपाला टेकून बसलो. त्यानं सशाच्या किंकाळीची शिट्टी वाजवली. (तो कायोटीला 'काय-ओट' म्हणतो, इकडचे जुने लोक तसंच म्हणतात.) पंधरा मिनिटांनी एक आला, वास घ्यायला वळसा घालून वाऱ्याखाली गेला आणि साधारण १४० यार्डांवर आडवा उभा राहिला. वारा ताशी पंधराएक मैल. मी अंदाजानं चार इंच सूट देऊन खांद्यावर नेम धरला. प्रत्यक्षात ती एक मासा एक गुंज जवळजवळ फूटभर सरकली. गोळी पोटात बसली, तो गर्रकन वळून कमरेला चावला आणि पळाला.

बर्फावरचे थेंब बघत आम्ही तासभर गेलो. माग कुंपणाशी पोचला आणि कुंपणाचे खांब जांभळे रंगवलेले. कॅन्ससमध्ये जांभळा रंग म्हणजे लेखी परवानगीशिवाय इथं शिकार नाही. थेंब तारेखालून पलीकडे गेलेले दिसत होते. म्हाताऱ्यानं मालकाला फोन लावला, कुणी उचलला नाही. अंधार पडेपर्यंत तो दर दहा मिनिटांनी लावत राहिला, मला मात्र अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच वाऱ्यात, त्याच अंतरावर .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी तीनेक इंच सरकली असती, आणि जिथं बसली असती तिथंच काम झालं असतं. सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेग, कायोटीला २५०-३०० यार्डांपर्यंत पुरेपूर. हे काडतूस १९६४ चं, फौजेच्या ५.५६ चं सख्खं भावंड, म्हणून सेंटरफायरमध्ये (बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या काडतुसांत) सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही गावच्या दुकानात मिळणारं. स्वस्ताईला मी फार महत्त्व देतो, कारण नवख्याचा हात बसतो तो बारांच्या संख्येवर. मात्र नळीवर फक्त .२२३ कोरलेलं असेल तर ५.५६ ची काडतुसं त्यात घालू नका, दाब जास्त असतो. उलट चालतं. नळीतले आटे नऊ इंचांत एक फेरा घेणारे बघा, हलक्या-जड दोन्ही गोळ्या बऱ्या जातात.

.२२-२५० वाले तुम्हाला भेटतीलच आणि भेटले की पटवतीलच. तीच ५५ ग्रेनची गोळी ते सुमारे ३,६८० फुटांनी सोडतात, त्यामुळं पल्ल्यात पाऊणशे-शंभर यार्ड जास्त मिळतात. पण .२२३ ला पंचवीसेक ग्रेन दारू लागते तिथं हिला पस्तीसच्या वर. प्रेअरी डॉगच्या वस्तीवर दिवसाला शंभर-दोनशे बार सहज होतात. नळी एवढी तापते की हात लावू नये, आणि तिचा गळा लवकर झिजतो. फक्त कायोटीसाठी, मोकळ्या माळावर, सकाळभरात तीन बार करणाऱ्या माणसाची ती रायफल आहे.

.२०४ रुगर माझी लाडकी, हे कबूल करून टाकतो. २००४ साली आली, ३२ ग्रेनची गोळी ४,२०० फुटांच्या वर. धक्का इतका कमी की बार झाल्यावर दुर्बिणीतून सावज सुटत नाही, आपली गोळी कुठं बसली ते आपल्यालाच दिसतं. कातडीला भोकही बारीक. पण लहान गावात काडतुसं मिळतीलच असं नाही, आणि फार हलकी गोळी खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटू शकते. दुसरी रायफल म्हणून जरूर घ्या. .२४३ हे जरा जाड गोळीचं काडतूस तेव्हाच, जेव्हा हरणाचाही विचार असेल. शेजारच्या कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ इंच व्यास लागतो. .२२ एलआर हे छोटं रिमफायर काडतूस कायोटीवर अजिबात नको. तिची मऊ, संथ शिशाची गोळी गोठलेल्या जमिनीवरून उसळून मैलभर जाऊ शकते. वेगवान, टोकाला प्लॅस्टिक असलेल्या व्हार्मिंट (उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) गोळ्या बहुधा मातीला लागताच चुरा होतात, तरी सावजामागं टेकाड असल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

प्रेअरी डॉगबद्दल माझं मन फारसं घेत नाही. किलो-सव्वा किलोचा जीव. तुम्हाला करायचंच असेल तर दुर्बिणीतून दोनदा बघा, कारण बिळाच्या तोंडाशी उभं असलेलं सगळंच प्रेअरी डॉग नसतं, तिथं बिळातली घुबडंही राहतात. कॅन्ससच्या लोगन काउंटीत २००७ मध्ये काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लहान शिकारी प्राणी) आणून सोडले, ते तर याच वस्त्यांवर जगतात. आणि मेलेलं तिथंच टाकणार असाल तर तांब्याच्या गोळ्या वापरा. शिशाचे कण गरुडांच्या पोटात जातात.

माझी .१७ अजून कपाटात आहे, वारा पडलेल्या सकाळी सशांपुरती निघते. मित्राला सांगा, पहिल्यांदा जाण्याआधी रँचला लागून असलेल्या सगळ्यांकडून लेखी परवानगी आणून ठेव. आमच्या म्हाताऱ्याच्या पिकअपमध्ये आता तीन शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या असतात, जांभळ्या खांबवाल्याची सगळ्यात वर.