अमेरिकेत झेंडा, राष्ट्रगीत, शपथ: कुठे निवांत राहावं, कुठे जपून

तुमचा प्रश्न असा: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला येताय, मुलगी दुसरीत जाईल, शाळेत रोज झेंड्यापुढे निष्ठेची शपथ असते असं ऐकलंय, ती तिने म्हणावी का? आणि झेंडा, राष्ट्रगीत वगैरे बाबतीत नवख्याने काय सांभाळावं?

इथे राष्ट्रचिन्हांचा मान कायद्याच्या धाकाने कमी आणि लोकरीतीने जास्त राखला जातो. कायदा खरा चावतो तो भलत्याच ठिकाणी, फॉर्मवरच्या एका चौकोनात. त्याकडे येतोच.

आधी शपथ. टेक्सासच्या शाळांत ती रोज होते, आणि एक नाही, दोन: आधी देशाच्या झेंड्याची, मग टेक्सासच्या झेंड्याची. पाठोपाठ एक मिनिट शांतता. उजवा हात छातीवर, तोंड झेंड्याकडे. देशाची शपथ १८९२ ची. त्यातला देवाचा उल्लेख १९५४ साली, शीतयुद्धाच्या भरात घातला गेला. पण सरकारी शाळेला कुठल्याही मुलावर ती म्हणायची सक्ती करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात सांगून ठेवलंय. टेक्सासच्या कायद्यात सूट हवी असेल तर पालकांनी लेखी कळवायचं असतं. दोन ओळी पुरतात. मुलीने शपथ म्हटली म्हणून तिच्या भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. नको वाटत असेल तर तिने सगळ्यांबरोबर उभं राहावं, हात खाली, गप्प. बसून राहायचाही हक्क आहे, पण दुसरीतल्या पोरीवर पहिल्याच आठवड्यात ते ओझं टाकू नये.

राष्ट्रगीत भेटतं ते मुख्यतः खेळाच्या मैदानावर. शाळेच्या फुटबॉल सामन्यालासुद्धा सुरुवातीला होतं. उभं राहा, टोपी काढा, हातातले नाचोज खाली ठेवा. परदेशी माणसाने नुसतं स्तब्ध उभं राहिलं तरी पुरे.

झेंड्याचं मात्र आपल्याला कोडं पडतं. झेंड्याचे कपडे शिवू नयेत, रात्री फडकवायचा तर त्यावर उजेड हवा, असे नियम इथल्या झेंड्याच्या संहितेत आहेत. पण साध्या नागरिकाने ते मोडले तर शिक्षा नाही. म्हणून चार जुलैला झेंड्याची चड्डी घालून लोक बार्बेक्यू करतात, आणि तेच लोक सकाळी अंगणातला झेंडा जमिनीला लागणार नाही असा जपून उतरवतात. निषेध म्हणून झेंडा जाळणंही अभिव्यक्ती स्वातंत्र्यात बसतं, असा १९८९ चा निकाल आहे. आपल्याकडे १९७१ च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा हे पचायला वेळ लागतो. वाद घालायला जाऊ नका. शेजाऱ्यांतही यावर एकमत नसतं.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात हमखास घोळ होतो तो दोन झेंड्यांचा. दोन्ही वेगळ्या काठ्यांवर, सारख्या उंचीवर, साधारण एकाच आकाराचे. अमेरिकेचा झेंडा प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. एकाच काठीवर वर-खाली कधीच नाही.

मेमोरियल डे, म्हणजे मेचा शेवटचा सोमवार, युद्धात मेलेल्या सैनिकांचा. त्या दिवशी दुपारपर्यंत झेंडा अर्ध्यावर असतो. ऑफिसच्या ग्रुपवर ‘हॅपी’ लावून शुभेच्छा टाकू नका. हयात माजी सैनिकांचे आभार मानायचे ते ११ नोव्हेंबरला.

आता तो चौकोन. टेक्सासमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स डीपीएस या राज्याच्या खात्याच्या ऑफिसात मिळतं आणि त्याच अर्जावर मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. रांगेत उभं राहून सगळीकडे ‘हो’ करत सुटायची आपली सवय इथे महागात पडते. नागरिक आहात का, ‘नाही’. मतदार म्हणून नोंद हवी का, ‘नाही’. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं १९९६ पासून इतकं गंभीर धरलं जातं की ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते, आणि ‘चुकून झालं’ हे सहसा ऐकून घेत नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवशी आय-९ फॉर्म येतो, काम करायचा हक्क तपासण्याचा. त्यात चार पर्याय असतात; तुमचा शेवटचा, ठरावीक मुदतीपर्यंत काम करायची परवानगी असलेल्याचा. लायसन्सच्या यादीतून ज्युरीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायचं बोलावणंही येऊ शकतं; ते काम फक्त नागरिकांचं. ते कचऱ्यात टाकू नका. ‘नागरिक नाही’ अशी खूण करून परत पाठवा. आणि निवडणुकीत कोणी कितीही आवडलं तरी एच-वन-बीवर असताना उमेदवाराला एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही. ग्रीन कार्डवाल्याला चालतं.

तुम्ही विचारलं नाहीत तेही सांगतो, कारण त्याचा त्रास झेंड्यापेक्षा जास्त होतो: स्वस्तिक. इथे ते पाहिलं की लोकांना हिटलर आठवतो, आणि ज्यू शेजाऱ्याला तर घरातली माणसं गेलेली आठवतात. देवघरात, चौरंगावर खुशाल काढा. नव्या गाडीच्या पूजेला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून तीच गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावू नका. श्री किंवा ॐ काढा. दाराबाहेरच्या रांगोळीत कमळ, पावलं. मुलीला आधीच समजावा की वहीवर काढायचं नाही. शाळेत प्रकरण आधी मुख्याध्यापकांपर्यंत जातं आणि खुलासा नंतर होतो. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायद्यात नाझी चिन्ह आणि आपलं स्वस्तिक वेगळं केलं, पण कायदा बदलला म्हणून बघणाऱ्याची नजर बदलत नाही.

मूल्यांबद्दल लांबलचक लिहिण्यात अर्थ नाही, दोन-तीन ठिकाणी ती हाताला लागतात. रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, काही लिहायचं नाही. वयावरून डावलल्याचा दावा होऊ शकतो म्हणून कंपनीलाच ते नको असतं. हॉटेलात टिप १८ ते २० टक्के, कारण टेक्सासमध्ये वेटरला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं, बाकीचं टिपमधून निघेल असं गृहीत धरलेलं असतं. वाढदिवसाचं बोलावणं दोन ते चार असेल तर चारला निघायचं.

आणि दुसऱ्याच्या पोराच्या ॲलर्जीची जबाबदारी खाऊ देणाऱ्यावर. शेंगदाणा आणि तीळ दोन्ही मुख्य ॲलर्जींच्या यादीत आहेत, तीळ २०२३ पासून. म्हणजे आपला तिळगूळ दोन्हीत अडकतो. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, साबुदाण्याची खिचडी नेलीत तर ‘यात शेंगदाण्याचं कूट आहे’ अशी चिठ्ठी भांड्यापाशी ठेवा आणि तिचा चमचा दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका. संक्रांतीला वर्गात वाटायचंच असेल तर पेन्सिली किंवा पतंगाचे स्टिकर द्या, तेही शिक्षिकेला आधी विचारून.