खड्ड्यातला दगड आणि शंभर मीटरची रेषा

प्रश्न : आमची सोसायटी बोरिवली पश्चिमेला, मंडपेश्वर लेण्यांजवळ आहे. इमारत १९८१ ची, तळमजला अधिक तीन, २८ सभासद. पुनर्विकासासाठी बिल्डर ठरला आहे, करारनाम्याचा मसुदा हातात आहे, सही बाकी. आर्किटेक्टने गुगलवर लेण्यांपासूनचं अंतर १३० मीटर काढलं. माती परीक्षणाच्या खड्ड्यात साडेचार फुटांवर एक कोरीव दगड निघाला. वर सूर्य-चंद्र, खाली झिजलेल्या ओळी, तळ तुटलेला. काही सभासदांना तो पिंपळाखाली बसवायचा आहे. बिल्डरचा सुपरवायझर म्हणतो, परत पुरा, नाहीतर वर्षभर काम बंद. आता बिल्डर मसुद्यात कलम टाकतो आहे की ‘पुरातत्त्व सर्वेक्षणामुळे’ उशीर झाला तर भाडं मिळणार नाही. एका सभासदाची मुलगी इंग्लंडमध्ये असते, ती सांगते की बांधकामाआधी उत्खनन करावंच लागतं. आमची इमारत अडकणार का? दगड कुणाचा? आणि हे सर्वेक्षण सक्तीचं आहे का? — सेक्रेटरी

उत्तर : सेक्रेटरी साहेब, तुमच्या पत्रात दोन वेगळी प्रकरणं आहेत. लेण्यांपासूनचं अंतर हे एक, खड्ड्यातला दगड हे दुसरं. कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. बिल्डर दोन्हींची एकच मोट बांधतो आहे, कारण मोट बांधली की उशिराचा खर्च तुमच्या गळ्यात घालणं सोपं जातं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजन परवानगीच्या टप्प्यावरच जमिनीखालची तपासणी मागता येते आणि खर्च विकासकाचा असतो. आपल्याकडे खासगी प्लॉटवर बांधण्याआधी उत्खनन करायला लावणारा सरसकट कायदा नाही. आपला कायदा स्मारकापासूनचं अंतर राखतो, तुमच्या प्लॉटखाली काय आहे ते विचारत नाही. उलट, हौसेने पुरातत्त्वीय उत्खनन करायला कुणाला बोलावू नका. त्यासाठी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची मंजुरी लागते आणि ते काम विद्यापीठं, संशोधन संस्था करतात. तुमच्याकडे फार तर स्मारकावरच्या परिणामाचा अहवाल मागितला जाईल : अंतराचा नकाशा, जुने नकाशे, जमिनीवरची पाहणी, बोअरच्या नोंदी, लेण्यांकडून इमारत कशी दिसेल ते, आणि पाया खोदताना ब्रेकरचे हादरे कातळातून कुठवर जातील ते. हा कागदी अभ्यास आहे. मसुद्यातला ‘पुरातत्त्व सर्वेक्षण’ हा शब्द म्हणूनच फसवा आहे. त्यात एक अहवालही बसतो आणि दोन वर्षांची टाळाटाळही.

आता अंतर. तुमची खरी धोक्याची जागा इथे आहे, दगडात नाही. मंडपेश्वर हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे १९५८ चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं व अवशेष कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीने त्यात कलम २०अ आणि २०ब आली. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. मिळून ३०० मीटर. हे अंतर सरळ रेषेत धरायचं, रस्त्याने चालत जाण्याचं नाही.

‘हद्दीपासून’ हा शब्द दोनदा वाचा. आर्किटेक्टचे १३० मीटर बहुधा लेण्यांच्या तोंडापासून आहेत. संरक्षित क्षेत्र तोंडाशी संपत नाही. आजूबाजूची जमीन आणि खडक अधिसूचनेत आला असेल तर हद्द पुढे सरकते. ती ४० मीटर पुढे असली की तुमचे १३० चे ९० होतात, आणि मग प्रकरणच बदलतं.

शंभराच्या आत नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण तेवढं परवानगीने करता येतं. तुमची इमारत १९८१ ची, म्हणजे तो हक्क तुम्हाला आहे. पण पाडून चौदा मजले उभे करणं ही दुरुस्ती होत नाही. पाडून तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीची इमारत बांधणं याला कायदा पुनर्बांधणी म्हणतो आणि दुरुस्तीच्या व्याख्येतून तिलाही वगळतो. एक मजला वाढला तरी ते ‘बांधकाम’. शंभराच्या पुढे, विनियमित क्षेत्रात, बांधकाम आणि पुनर्बांधणी दोन्ही शक्य आहेत, परवानगी घेऊन.

म्हणून पहिलं काम हद्द पक्की करण्याचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला, शीवच्या किल्ल्यावरच्या कार्यालयाला, लेखी अर्ज द्या : संरक्षण अधिसूचनेची प्रत, संरक्षित क्षेत्राचा नकाशा आणि संयुक्त मोजणी. सोबत तुमचं मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा जोडा. दाद मिळाली नाही तर माहिती अधिकारात तीच कागदं मागा. मोजणीच्या वेळी आर्किटेक्टला हजर ठेवा आणि अंतर प्लॉटच्या कुंपणापासून लिहिलं आहे की इमारतीच्या रेषेपासून, ते कागदावर स्पष्ट करून घ्या. प्लॉटचा एक कोपरा शंभरात शिरला तर सगळा प्लॉट बाद होत नाही, इमारत मागे सरकवावी लागते. पण त्या कोपऱ्यात पंप रूम, वॉचमनची केबिन किंवा स्टॅक पार्किंगचा खड्डाही काढू नका. आर्किटेक्ट मंडळी इमारत व्यवस्थित मागे घेतात आणि रिकाम्या कोपऱ्यात पाण्याची टाकी ठेवतात. तिथेच अडकतात.

विनियमित क्षेत्रात आलात तर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. त्याने १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची, त्यानंतर महिन्याभरात सक्षम प्राधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. कागदावर साधारण साडेतीन महिने. प्रत्यक्षात लांबतं ते बहुतेक वेळा अर्जदाराच्या चुकांमुळे. सगळ्यात मोठी चूक उंचीची. बिल्डरचा आर्किटेक्ट गच्चीच्या स्लॅबपर्यंतची उंची लिहितो. प्राधिकरण जिन्याची टोपी, कठडा, लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी धरून उंची मोजतं. दुसरी चूक, उंची जमिनीऐवजी पोडियमवरून, म्हणजे इमारतीखालच्या उंच चौथऱ्यावरून दाखवणं. तिसरी, तळघराची खोली न लिहिणं. आणि चौथी सगळ्यात महाग : एनओसी एका उंचीची घ्यायची आणि नंतर जास्तीचा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) मिळाला म्हणून प्लॅन बदलायचा. बदललेल्या प्लॅनला जुनी एनओसी चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून.

‘पालिकेची आयओडी (प्लॅनची सशर्त मंजुरी) आणि सीसी (काम सुरू करण्याचा दाखला) आली की झालं’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. या क्षेत्रात पालिकेची परवानगी स्मारक कायद्याची उणीव भरून काढत नाही. दिल्लीच्या जंतरमंतरजवळच्या इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शंभर मीटरच्या बंदीवर कडक भूमिका घेतली. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘शंभर मीटरचा नियम रद्द झाला’ असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल किंवा येईल. २०१८ च्या जानेवारीत लोकसभेने मंजूर केलेल्या दुरुस्ती विधेयकाची ती सावली आहे. ते सार्वजनिक कामांपुरतं होतं आणि त्याचा कायदा झाला नाही.

आता दगड. परत पुरा असं सांगणारा सुपरवायझर तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि आजही चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. सोनंनाणंच हवं असं नाही, कोरीव दगडही त्यात धरून चाला. कळवलं नाही तर शोधणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय त्याचा हिस्सा सरकारजमा. जागेच्या मालकाने त्याला साथ दिली तर मालकालाही सहा महिन्यांपर्यंत. आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर कधीच गेले असणार. खड्डा बुजवला तरी पुरावा २८ मोबाइलमध्ये आहे.

पत्र मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना, वांद्रे पूर्व. प्रती शीवच्या मुंबई मंडळाला आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या राज्य पुरातत्त्व संचालनालयाला. मजकूर अर्ध्या पानाचा पुरे : वस्तू काय, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा सिटी सर्व्हे क्रमांकासह, तारीख. किंमत सांगता येत नसेल तर तसं लिहा. शोधणारा म्हणून खड्डा खणणाऱ्या मजुराचं नाव घाला, नुसतं ठेकेदाराचं नको. कायद्याने पहिला हिस्सेदार तो आहे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागताक्षणी हजर करण्याची हमी द्यायची, असे दोन पर्याय आहेत. चार-पाच फुटी दगड कोषागारात कुणी घेणार नाही, तेव्हा दुसरा पर्याय पत्रातच लिहा आणि पोच घ्या.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात, चार ते सहा महिन्यांच्या आत येणारी तारीख देऊन दावे मागवतात. मालक कुणी निघाला नाही तर शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात, वेगळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश वाटणी. सरकारला वस्तू हवी असेल तर मालाची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन घेता येते. दगडाच्या बाबतीत मालाची किंमत म्हणजे दगडाची किंमत, तेव्हा वाटणीवरून सोसायटीत भांडण लावू नका. विकायचा विचारही नको, पुरावस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो.

पिंपळाखाली बसवण्याची घाई मी समजू शकतो, पण शेंदूर लागला की अक्षरं गेली. पाठवलेल्या फोटोत सूर्य-चंद्र आणि खाली ओळी दिसतात. हा शिलाहारकाळातला दानाचा लेख असू शकतो, तज्ज्ञ वाचतील तेव्हा कळेल. असे दगड त्या काळचे दस्तऐवजच. सूर्य-चंद्र म्हणजे दान कायमचं, आणि खाली बरेचदा गाढवाचं चित्र, दान मोडणाऱ्यासाठी शिवी म्हणून. दंडाचं कलम चित्रात लिहिण्याची पद्धत आमच्या धंद्याला जमलेली नाही. तुमच्याच भागातले एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, प्रसिद्ध आहेत, त्यांवर आरमारी लढाई कोरली आहे. परळच्या बारादेवी मंदिरातली भव्य शिवमूर्ती १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना मिळाली. मुंबईत जमीन खणताना असं निघणं नवं नाही.

हातात आहे ते आत्ता करा. दगड होता तिथेच, ताडपत्री टाकून. घासायचा नाही, ॲसिड नाही, तेल नाही. फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, वरून आणि चारही बाजूंनी. खड्ड्याच्या भिंतीचा फोटो वेगळा : वरचा डेब्रिजचा भराव कुठे संपतो, काळी माती कुठे लागते, मुरूम कुठे. दगड भरावात होता की खालच्या मातीत, यावर बरंच ठरतं. भरावातला असेल तर तो १९८१ मध्ये दुसरीकडच्या मातीबरोबर ट्रकमधून आलेला असू शकतो. आणि खड्ड्याशेजारचा मातीचा ढीग उचलू देऊ नका. तळ तुटलेला आहे, उरलेला तुकडा त्याच ढिगात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

काम वर्षभर बंद पडेल का? १८७८ चा कायदा वस्तू जपण्याचा आहे, एका सुट्या दगडाने सहसा इमारत थांबत नाही. खाली भिंती, विटांचं बांधकाम किंवा पायऱ्या लागल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा केंद्र सरकार ती जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करण्याची दोन महिन्यांची सूचना काढू शकतं आणि त्या मुदतीत तुम्हाला हरकत घेता येते.

राहिला करारनामा. बिल्डरचं कलम काढून हे घाला : ‘स्मारक कायद्याखालील लेखी परवानगी, आयओडी आणि सीसी सोसायटीच्या हाती येईपर्यंत सभासदांकडून ताबा मागितला जाणार नाही. खोदकामात पुरावस्तू सापडल्याने काम थांबले तरी भाडे चालू राहील.’ पहिलं वाक्य मिळालं तर दुसऱ्यावर थोडं मागे यायला हरकत नाही, जसं की ठरावीक महिन्यांनंतर भाडं निम्मं. पहिल्यावर अजिबात नको. घरात राहूनच परवानगीची वाट पाहायची. आणखी एक कलम उंचीचं : चौदाऐवजी आठच मजले मंजूर झाले तर सभासदांचं ठरलेलं कार्पेट क्षेत्र कमी होणार नाही, आणि बिल्डरला परवडत नसेल तर दंडाविना करार संपेल. सभासदांना सांगितलेली जास्तीची जागा या मजल्यांच्या हिशेबातूनच आली आहे, हे विशेष सभेत मोकळेपणाने सांगा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासासाठी काढलेल्या सरकारी निर्देशांतली प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी सोडू नका.

मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सोसायटीचं असेल तर ठीक. जुन्या बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं असेल तर एनओसीच्या अर्जात मालकीचा पुरावा अडेल आणि दगडाचा एक चतुर्थांशही तोच मागेल. मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज तसं असेल तर आजच टाका, मोजणीच्या अर्जाबरोबर.