एमएसचा थकवा आणि सीबीटी: कागदावर काय लिहून घ्यायचं

तुम्ही लिहिलंय की एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) थकव्याने रात्रभर झोपूनही दुपारी बारापर्यंत मान धरवत नाही. न्यूरोलॉजिस्टनी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) आणि माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायचं ध्यान) सुचवलं, तेव्हा "म्हणजे हे सगळं माझ्या मनाचेच खेळ आहेत का?" असं वाटून तुम्हाला रडू आलं. मी यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं एमएस असलेली एक पेशंट आहे.

थकव्याची दुसरी कारणं, म्हणजे थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, झोपेत श्वास अडकणं, गुंगी आणणारी औषधं हे तपासून झालंय असं धरते.

मला सगळ्यात महागात पडला तो नोकरीतला कर्मचारी विभाग. दुपारी विश्रांती मिळावी म्हणून मी कामाचे तास विभागून मागितले होते. अर्जासोबत एमआरआयचा रिपोर्ट होता, न्यूरोलॉजिस्टचं पत्र होतं आणि सीबीटी सुरू असल्याचं थेरपिस्टचं पत्रही होतं. त्यांनी फक्त शेवटचा कागद वाचला आणि शेरा मारला, "तणावाशी संबंधित तक्रार". अर्ज नामंजूर! मेंदूतले डाग कोणी पाहिलेच नाहीत. पुढे पूर्ण वेळ रेटताना संध्याकाळी बोलायला शब्द सापडेनात. थेरपी घेतली की तीच आपल्याविरुद्ध वापरली जाते, ही धास्ती इतकी बसली की फायदा होत असूनही थेरपी सुटली. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून पत्र न्यूरोलॉजिस्टकडूनच घ्या आणि त्यात स्पष्ट लिहून मागा: "एमएसमुळे येणारा थकवा, त्याच्या नियोजनासाठी सीबीटी." एकाच वाक्यात, एकाच कागदावर. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, तेवढं विचारून घ्या.

आता उपायांबद्दल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तिन्ही औषधं थकव्यावर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरली नाहीत. २०२४ च्या चाचणीत १२ आठवडे सीबीटी, मोडाफिनिल किंवा दोन्ही एकत्र दिलं, आणि तिन्ही गटांत थकवा साधारण सारखाच कमी झाला. एमएसमध्ये मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, झिजल्यावर त्याच कामाला मेंदूला जास्त कष्ट पडतात, ते कष्ट खरेच असतात. सीबीटी मायलिन भरून आणत नाही. बरं वाटलेल्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि पुढचे दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र ती मोडते. थकण्याआधी थांबायचं, हे मला तिथेच जमलं, आणि माझ्या मते निम्मा फायदा त्यातच आहे.

माइंडफुलनेसच्या आठ आठवड्यांच्या वर्गाचाही अभ्यासात थकव्यावर उपयोग दिसलाय. योगाचं म्हणाल तर २००४ च्या अभ्यासात योग आणि साधा व्यायाम दोन्हींनी थकवा कमी झाला, म्हणून आवडेल ते करा. फक्त तापवलेल्या खोलीतले वर्ग नकोत. अंग तापलं की आपल्या नसांमधून संदेश अडखळतात. ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच नोंदवलेली गोष्ट आहे ही. ताप किंवा संसर्ग नसताना नवा अशक्तपणा वा बधिरपणा २४ तासांवर टिकला, तर ध्यानाला न बसता डॉक्टरांना कळवा.

थेरपिस्ट निवडताना एमएसचे पेशंट पाहिलेत का हे आधी विचारा. आणि सत्र फोनवर मागा. २०२४ च्या चाचणीत सीबीटी फोनवरच दिली होती, आणि जाण्या-येण्यात जी शक्ती जाते ती वाचते.