एकाच माणसाचं गाव खरंच आहे का? मग जनगणनेत तिथे दोन माणसं कशी?

आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या उत्तर टोकाला, बॉइड काउंटीत. नाव मोनोवाय. मी ओमाहात राहतो, तिथून गाडीने साडेतीन-चार तास. हायवेवरच्या हिरव्या पाटीवर गावाचं नाव आणि पुढे फक्त १. मी आधी ते अंतर समजलो होतो!

१९३०च्या दशकात इथे दीडशेच्या आसपास वस्ती होती. मग शेतीत यंत्रं आली, हात कमी लागू लागले, पोरं शहराकडे गेली. १९६७ ते ७० दरम्यान पोस्ट आणि किराणा दुकानं बंद झाली, १९७४ मध्ये शाळा. २००० च्या जनगणनेत उरले दोघंच: रूडी आयलर आणि त्यांची बायको एल्सी. २००४ मध्ये रूडी वारले.

तेव्हापासून महापौर एल्सीबाई, कारकून त्याच, खजिनदार त्याच. गावातला बारही त्याच चालवायच्या, म्हणजे दारूचा परवाना मागणाऱ्या त्या आणि देणाऱ्याही त्या. स्वतःकडूनच कर घेऊन गावाचे चार दिवे चालू ठेवायच्या. आपल्याकडे महसुली दप्तरात वस्ती उठलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. मोनोवाय त्या व्याख्येतून चार दिव्यांनी सुटलं. नवऱ्याच्या पुस्तकांचं वाचनालयही बाईंनी एका छोट्या खोलीत उघडलं. पाच हजार पुस्तकं, हवं ते न्यायचं, वाचून आणून ठेवायचं. बारमध्ये गिऱ्हाईक आसपासच्या शेतांवरून यायचं, त्यामुळे जेवणाच्या वेळी गावात लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं.

आता दोनचं कोडं. २०१० ला आकडा १ होता, २०२० ला २ झाला. कोणी राहायला आलं नव्हतं. जनगणना खात्याने या वेळी छोट्या जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला. कारण उघड आहे: गावात एकच माणूस असेल तर गावाचं वय, वंश, घर हे सगळं त्या एका माणसाचंच. आकडेवारी छापली की बाईंचा फॉर्मच छापल्यासारखं. म्हणून गणिती पद्धतीने कुठे एखादा वाढवायचा, कुठे कमी करायचा. राज्याची एकूण बेरीज मात्र जशीच्या तशी ठेवतात.

गंमत अशी की एल्सीबाईंचं नाव-गाव तोवर जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं.