घरच्या वर्कशॉपमधल्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावाव्यात का?

तुमच्याकडे चोकवाल्या चार जुन्या ट्यूब आहेत आणि लाकडाचा लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) आहे. पट्टी (ट्यूब जिच्यात बसते ती) तीच ठेवून नुसती ट्यूब बदलली तर चालेल का आणि बिल किती कमी होईल, असं तुम्ही विचारलंय. बिलाचं आधी उरकतो. ३६ वॅटची ट्यूब चोक धरून साधारण ४५ वॅट खाते, चार फुटी एलईडी २० वॅट. रोज चार तास चारही चालू असतील तर महिन्याला १२ युनिट वाचतील. तेवढ्यासाठी घाई करा असं मी म्हणणार नाही. लेथ आहे म्हणून मात्र बदलाच.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही. पण लेथवर लाकूड पकडून फिरणारा चार जबड्यांचा चक १५०० आरपीएमवर सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला बरोबर १०० जबडे जातात. दर वेळी उजेड वाढला की जबडा त्याच जागी! चक थांबल्यासारखा दिसतो, वेग जरा कमी झाला तर सावकाश उलटा, जरा वाढला तर सावकाश सुलटा फिरताना दिसतो. माझंच एकदा असं झालं: भुसा ओढणारा पंखा चालू होता, लेथचा आवाज त्यात बुडाला होता, आणि मी काम काढायला हात पुढे नेला. बोटांना वारा लागला म्हणून वाचलो. मी ज्या कारखान्यात शिकलो तिथे शेजारशेजारच्या ट्यूब मुद्दाम तीन वेगवेगळ्या फेजवर असत, म्हणजे सगळ्या एकदम मंद होत नसत. घरी एकच फेज, तिथे हा उपाय नाही.

एलईडी लावली की हा दोष आपोआप जातो, असं मात्र समजू नका. स्वस्त ट्यूबमधला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) अगदी साधा असतो आणि तिचा उजेड कधी कधी जुन्या ट्यूबपेक्षाही जास्त फडफडतो. दुकानात ट्यूब लावून दाखवायला सांगा आणि तिच्याखाली पेन्सिल झपाझप हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर घ्या. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर ठेवून द्या. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही लुकलुक पकडता येते.

पट्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुनी काढा, एलईडीची अख्खी पट्टीच लावा. जुन्या पट्टीत बसणाऱ्या ट्यूब मिळतात, पण काहींना चोक आणि स्टार्टर काढावे लागतात, काहींना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. पुढे कुणी चुकीची ट्यूब बसवली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. काम करताना मेन बंद ठेवा. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिली तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

पट्टी पाठीमागे लावू नका, आपलीच सावली कामावर पडते. लेथच्या थोडी पुढे, डोक्यावर घ्या. लाकडाला पॉलिश करत असाल तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरची पाहा, ८० च्या उजेडात सागाचा तांबूस रंग फिका वाटतो.

काढलेल्या ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे अख्ख्याच द्या. चोक भंगारवाल्याला द्या, आत बहुधा तांब्याची तार निघते.